ओटीपी येतो कोणाच्या मोबाईलवर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी सेवा ऑनलाइन झाल्याने लोकांचे खेटे वाचले, असे म्हटले जाते. ते नेमके कोणाचे वाचले, हे सोलापूरच्या पूर्व भागातील विडी वळणाऱ्या बायकांना विचारावे. मी निवृत्त शिक्षिका असल्याने शेजारच्या बायका अर्ज भरून घ्यायला माझ्याकडे येतात. अर्ज भरणे अवघड नसते. घोडे अडते ते ओटीपीपाशी. आधारला जोडलेला क्रमांक बहुधा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो आणि तो मोबाईल घेऊन धनी यंत्रमागावर, नाहीतर मुलगा थेट पुण्याला गेलेला असतो. फोन लावून आकडे विचारावेत, तर मागांच्या खडखडाटात पलीकडे काही ऐकू येत नाही, आणि तोवर ओटीपीची मुदत संपते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या महिला ३८ टक्के, तर पुरुष ६१.५ टक्के आढळले. मात्र घरात मोबाईल असूनही तो बाईच्या हाती नसणे, हे या आकड्यांत पुरते उतरत नाही. त्यात सरकारही भर घालते. ‘लाडकी बहीण’ योजनेचे पैसे बाईच्या खात्यात जमा होतात, तरी २०२५ मधील ई-केवायसीत तिच्याबरोबर पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांचाही ओटीपी मागण्यात आला. विधवा व परित्यक्तांनी कोणाचा ओटीपी आणावा, हा विचार खरे तर अर्जाचा नमुना ठरवतानाच व्हायला हवा होता. माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर आणि सासरचे आधारवर, ही अडचण तर पुरुषांच्या वाट्याला कधी येतच नाही.

आपला क्रमांक आधारला जोडायला केंद्रात रांग लावायची, तर त्या दिवशीच्या विड्या बुडतात, आणि मजुरी तर दर हजार विड्यांमागे मिळते. बायका तयार विड्या जमा करायला कारखान्यात जातातच. महापालिका व जिल्हा प्रशासनाने तिथेच, त्याच वेळी, आधारला मोबाईल जोडण्याची शिबिरे घ्यावीत आणि यातल्या अनेकींची घरची भाषा तेलुगू असल्याने यंत्रावर शक्यतो ती बोलणारी बाई बसवावी. विड्या वळून बोटांचे ठसे पुसट झालेल्यांसाठी डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या पडताळणीची सोयही तिथे असावी, म्हणजे त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले जाणार नाही.

आपली,
एक वाचक, सोलापूर