अनुदानाची यादी वाचता येईल अशी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेती अनुदान कोणाला किती मिळाले हे नावानिशी जाहीर करावे का, असा प्रश्न निघाला की चर्चा लगेच लहान शेतकऱ्याच्या खासगीपणाकडे वळते. ती काळजी रास्तच आहे. परंतु तिच्याच आडोशाने मोठ्या रकमा उचलणारे जमीनमालक आणि कंपन्याही नजरेआड राहतात, हे मला सलते. म्हणून हा पत्रप्रपंच.

युरोपीय संघात हा वाद थेट न्यायालयात गेला. संघाच्या अर्थसंकल्पाचा सुमारे एक तृतीयांश भाग तेथे सामायिक कृषी धोरणावर खर्च होतो आणि थेट अनुदानाची जवळपास 80 टक्के रक्कम 20 टक्के लाभार्थ्यांकडे जाते, हे युरोपीय आयोगच सांगत आला आहे. सर्व लाभार्थ्यांची नावे संकेतस्थळावर टाकण्याच्या नियमाला जर्मनीतील दोन लाभार्थ्यांनी आव्हान दिले, आणि 9 नोव्हेंबर 2010 रोजी युरोपीय न्यायालयाने व्यक्तींपुरता तो नियम अवैध ठरवला. हा पारदर्शकतेचा पराभव आहे असे म्हणणाऱ्यांनी निकाल नीट वाचला नसावा. जनतेचा पैसा कोठे जातो हे जनतेला कळावे, हा हेतू न्यायालयाने योग्यच मानला होता. आक्षेप होता तो साहाय्य किती काळ, किती वेळा, कोणत्या प्रकारचे आणि किती मिळाले याचा काहीही भेद न करता सर्वांना एकाच मापाने मोजण्याला. कंपन्यांची नावे जाहीर करण्यास तर न्यायालयाने हरकतच घेतली नाही. पुढे 2013 च्या नियमाने त्यातून वाट काढली : लाभार्थ्याचे नाव, गाव, योजना आणि रक्कम जाहीर करायची, मात्र ठरावीक मर्यादेपर्यंतच, म्हणजे कमाल 1,250 युरोपर्यंतच, रक्कम मिळालेल्यांची नावे वगळायची.

मला हा तोडगा पटतो, पण अपुरा वाटतो. ही माहिती दोनच वर्षे उपलब्ध ठेवण्याची तरतूद त्यात होती. अनुदान वर्षानुवर्षे त्याच हातांत जाते का, हे दोन वर्षांच्या नोंदींवरून कसे उमगणार? शिवाय एकच मालक चार कंपन्यांच्या नावे अर्ज करत असेल, तर यादीत चार वेगळे लाभार्थी दिसतात आणि खरा लाभार्थी दिसतच नाही. लाभार्थी कोणत्या उद्योगसमूहातला आहे हे जाहीर करण्याची तरतूद युरोपने 2021 च्या नियमात केली. ती प्रत्येक देशाने करायला हवी.

भारतात 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करायला सांगते. म्हणजे कायद्याचा आधार आहेच. प्रश्न उरतो तो यादीच्या रूपाचा. स्कॅन केलेली, शोध घेता न येणारी शेकडो पाने संकेतस्थळावर चढवली की नियम पाळल्याची नोंद होते, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. यादीत बँक खाते, मोबाइल क्रमांक किंवा ओळखपत्राचा क्रमांक असण्याचे काहीच कारण नाही. नाव, गाव, योजना, वर्ष आणि रक्कम एवढे पुरेसे आहे. अपात्र ठरलेल्यांकडून किती रक्कम परत आली आणि किती येणे बाकी आहे, हेही त्याच यादीत, त्याच नावापुढे नोंदवले जावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला,
एक नियमित वाचक