सोपाऱ्याचं सोनं टाऊन हॉलात आणि सोपारकर लोकलमध्ये लटकलेला

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

साहेब, मुंबईत म्युझियम कमी आहेत अशी रड घेऊन मी आलेलो नाही. उलट एवढी तऱ्हेतऱ्हेची म्युझियम देशातल्या फार कमी शहरांत असतील. फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं आहे, वरळीला नेहरू सायन्स सेंटर आहे जिथे पोरं बटणं दाबून दाबून थकतात, पेडर रोडला गुलशन महालात २०१९ पासून सिनेमाचं आहे, खारेघाट कॉलनीत पारशांचं अल्पाईवाला आहे, गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की जिथे उतरायचे ते मणिभवन आहे. आणि माझं सगळ्यात लाडकं म्हणजे आणिक आगारातलं बेस्टचं, १९६४ ला बंद पडलेल्या ट्रामचे मॉडेल आणि कंडक्टरची जुनी तिकीट मशीनं तिथे आहेत आणि मुंबईतल्या निम्म्या लोकांना हे म्युझियम आहे हेच माहीत नाही. असो.

भायखळ्याचं भाऊ दाजी लाड बघताना तर माझा अख्खा दिवस जातो. १८७२ सालची इमारत, आणि आत मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या, कुठल्या जातीजमातीची माणसं कशी पगडी बांधायची, कुठला धंदा कसा चालायचा, सगळं हाताएवढ्या मूर्तींत. बाहेर बागेत घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना तो फुटला म्हणून वाचला, नाहीतर आज लंडनला बघायला लागला असता.

आता मुद्द्यावर येतो. तो हत्ती आला कुठून, तर घारापुरीहून, म्हणजे उरण तालुक्यातून. आणि तुम्ही मुंबई महानगर प्रदेशाचा नकाशा समोर घ्या (९ महानगरपालिका आहेत त्यात, वसई-विरारपासून पनवेलपर्यंत) आणि वर सांगितलेल्या म्युझियमवर पेनाने टिंबं काढा. सगळी टिंबं खालच्या चिमटीएवढ्या जागेत येतील. बाकी नकाशा कोरा. मेट्रो आली, उड्डाणपूल आले, टॉवर तर विचारूच नका, पण म्युझियम म्हटलं की अजून ‘टाऊनला जावं लागतं’.

मी नालासोपाऱ्याचा, म्हणून आमचंच सांगतो. १८८२ मध्ये पुरातत्व अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथली बुरुड राजाचा कोट म्हणतात ती टेकडी खणली तर आत बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, तांब्याच्या आत चांदीचा, असं करत करत शेवटी सोन्याचा, त्यात भिक्षापात्राचे मातीचे बारीक तुकडे, सोन्याची फुलं, भोवती ब्राँझच्या ८ मूर्ती. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यात सापडला. म्हणजे ज्या गावाला आज लोक फक्त गाडीतल्या गर्दीसाठी आणि पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यासाठी ओळखतात, तिथे सम्राट अशोकाने दगडावर आज्ञा कोरून ठेवल्या होत्या.

हे सगळं आज कुठे आहे? करंडक आणि मूर्ती टाऊन हॉलात एशियाटिक सोसायटीकडे, शिलालेख छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. नीट सांभाळलंय, त्याबद्दल तक्रार नाही, आमच्याकडे राहिलं असतं तर कुठल्या तरी चाळीच्या पायात गेलं असतं हे मीच कबूल करतो. परत द्या असंही म्हणत नाही. पण इथल्या शाळेतल्या पोराला स्वतःच्या गावात सापडलेली वस्तू बघायची तर विरार-चर्चगेट ६० किलोमीटर लटकत जायचं, तेही रविवारी, आणि रविवारी मेगाब्लॉक! कोण नेणार सांगा. शिक्षक म्हणतात पिकनिक वॉटर पार्कला काढू, आणि मला त्यांचं चुकतंय असं वाटत नाही.

म्हणून मागणी छोटी आहे. मोठी घोषणा नको, शंभर कोटींचं ‘जागतिक दर्जाचं’ काही तर अजिबात नको, त्याचं भूमिपूजन होतं आणि नंतर पत्रे लागतात ते लागतातच. आम्हाला फक्त प्रतिकृती पाहिजेत. शिलालेखाचा साचा काढा, करंडकांच्या हुबेहूब नकला करा, महापालिकेच्या एखाद्या वाचनालयाची एक खोली द्या, चार काचेची कपाटं, मराठीत धड वाचता येतील असे बोर्ड. एशियाटिक आणि ते वस्तुसंग्रहालय थेट तुमच्या खात्याखाली नाहीत हे माहितीये, पण पुरातत्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय तर तुमचंच आहे ना, तुम्ही शब्द टाकलात तर नाही कोण म्हणेल. वस्तुसंग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ बस आधीपासून फिरतेय, ती वसई, कल्याण, पनवेलला जास्त दिवस थांबेल एवढी मदत केलीत तरी सुरुवात होईल.

आणि हे फक्त सोपाऱ्याचं नाही. अंबरनाथला १०६० सालचं शिलाहारांचं शिवमंदिर आहे, लोक लांबून बघायला येतात, पण हे शिलाहार कोण हे त्यांना तिथल्या तिथे समजवून सांगायला कोणीतरी हवं की नको? भिवंडीत साधे यंत्रमाग भंगाराच्या भावात चाललेत, एक चालू अवस्थेतला माग आणि तो चालवणारा कारागीर आजच धरून ठेवा, दहा वर्षांनी फोटो लावावा लागेल.

सगळ्यात घाई मात्र उल्हासनगरची आहे साहेब. फाळणीनंतर सिंधहून आलेली माणसं लष्कराच्या जुन्या छावणीत, बराकीत राहिली, १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, पण पत्ता सांगताना लोक अजून ‘कॅम्प नंबर अमुक’च सांगतात. ज्यांनी ती बराक स्वतः पाहिली ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या घरात माळ्यावर तिकडून आणलेल्या पेट्या असतील, रेशन कार्डं, कराचीच्या शाळेचे दाखले असतील, म्हातारं माणूस गेलं की फ्लॅट रिकामा करताना पोरं हे सगळं रद्दीत देतात, त्यांनाही जागा नसते बिचाऱ्यांना. एक माणूस रेकॉर्डर घेऊन पाठवा, वस्तू घेताना पावती द्या, नाव लिहून ठेवा. इमारत नंतर बांधा, किंवा नका बांधू, एखादी जुनी बराक शिल्लक असेल तर तीच वापरा.

ह्या अधिवेशनात सोपाऱ्याच्या प्रतिकृतींसाठी आणि उल्हासनगरच्या मुलाखतींसाठी मिळून बजेटमध्ये एक लेखाशीर्ष (खर्चाचं खातं) उघडलंत तरी आम्ही समजू की पत्र पोचलं. खोली शोधायचं काम आम्ही करतो, वाचनालयवाल्यांना मी ओळखतो.

आपला,
नालासोपाऱ्याचा एक पासधारक