मार्च १९९० च्या तिर्गू मुरेशचा तपास व्हायलाच हवा

प्रति,
माननीय न्यायमंत्री,
रोमानिया सरकार, बुखारेस्ट

सविनय नमस्कार.

डिसेंबर १९८९ मध्ये रोमानियातल्या तिमिशोआरा शहरातील हंगेरियन धर्मोपदेशक लास्लो टोकेश यांना घराबाहेर काढण्याचा घाट हुकूमशहा चाउशेस्कूंच्या कम्युनिस्ट राजवटीने घातला, तेव्हा त्यांच्या दारात आधी त्यांच्या मंडळीतले हंगेरियन आणि मग शहरातले रोमानियनही उभे राहिले. तिथून पेटलेल्या उठावात ती राजवट कोसळली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, कम्युनिस्ट सत्ता गेलेली असताना, त्याच अल्पसंख्य समाजावर आपल्या देशात काय गुदरले, हे मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

१९ मार्च १९९० रोजी होदाक आणि इबानेश्त या गावांतून बसगाड्यांनी आणलेला रोमानियन जमाव ट्रान्सिल्व्हानिया प्रांतातल्या तिर्गू मुरेश शहरातील हंगेरियन लोकशाही संघ या अल्पसंख्याकांच्या राजकीय संघटनेच्या कार्यालयावर चालून गेला. कार्यालयातील माणसे माळ्यावर लपली आणि मदतीची वाट पाहत राहिली. लष्कर आणि पोलीस फार उशिरा आले. सुरक्षितपणे बाहेर नेण्याचे आश्वासन मिळाल्यावर जे खाली उतरले, त्यांना जमावाने बेदम मारले. त्यांत हंगेरियन नाटककार आंद्राश श्युतो होते. ज्यांच्या नाटकांची चाउशेस्कूंच्या अखेरच्या वर्षांत रोमानियात मुस्कटदाबी झाली, त्या लेखकाचा डावा डोळा हुकूमशहाच्या काळात नव्हे, लोकशाहीच्या पहिल्या वसंतात गेला. दुसऱ्या दिवशीही चकमकी चालू राहिल्या. किमान पाच माणसे मेली, शेकडो जखमी झाली.

यातली सर्वच क्रूरता एका बाजूची नव्हती, हेही मला नमूद केले पाहिजे. इबानेश्तच्या एका रोमानियन शेतकऱ्याला २० मार्चला जीवघेणी मारहाण झाली आणि तो हंगेरियन असल्याचे सांगून ती दृश्ये परदेशांत दाखवली गेली. त्या माणसावर दोनदा अन्याय झाला. मात्र पुढे खटले भरताना सरकारी यंत्रणेने जो कल दाखवला, तो निःपक्षपाती म्हणता येणार नाही. शिक्षा झालेल्यांत हंगेरियन आणि रोमा (जिप्सी) यांचाच भरणा होता, आणि मानवी हक्कांच्या निरीक्षकांनी तेव्हाच त्यावर बोट ठेवले होते. त्या बसगाड्या कोणी पुरवल्या, पोलीस कोणाच्या सांगण्यावरून स्वस्थ बसले, हल्ल्याची आखणी कोणी केली, याचे उत्तर आजवर एकाही न्यायालयाने दिलेले नाही.

आपल्याच देशाच्या एका प्रकरणाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. जून १९९० मध्ये खाणकामगारांना बुखारेस्टमध्ये आणून निदर्शकांवर सोडण्यात आले. त्या हिंसेचा परिणामकारक तपास न केल्याबद्दल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या विस्तारित पीठाने १७ सप्टेंबर २०१४ रोजी मोकानू खटल्यात रोमानियाला दोषी ठरवले, आणि भीतीपोटी उशिरा तक्रार करणाऱ्या पीडिताचा हक्क त्यामुळे बुडत नाही, असेही सांगितले. जूनला जो न्याय लागू होतो, तो मार्चला का लागू होऊ नये? दोन्ही वेळा बाहेरून जमाव आला, दोन्ही वेळा राज्यसंस्थेने आपले कर्तव्य केले नाही. फरक एवढाच की मार्चमधले बळी मुख्यतः अल्पसंख्य होते.

तिर्गू मुरेशच्या दंगलीनंतर आठवडाभरातच, २६ मार्च १९९० रोजी, नवी गुप्तवार्ता सेवा स्थापन झाली आणि सेकुरिताते या जुन्या गुप्त पोलिसांतले अनेक जण तिच्यात सामावून घेतले गेले. विचार करा, १९८० च्या दशकारंभी ओरादेआ शहरात ‘एलेनपोन्तोक’ हे हंगेरियन भूमिगत नियतकालिक काढल्याबद्दल ज्यांच्या घरांची झडती झाली, ज्यांना मारहाण झाली आणि अखेर देश सोडावा लागला, त्यांनी परत येऊन संरक्षण मागायचे ते कोणाकडे? सेकुरितातेच्या कागदपत्रांसाठी स्वतंत्र परिषद स्थापन करणारा कायदा व्हायला १९९९ साल उजाडले.

त्यानंतर बरेच बदलले, हे मी मान्य करतो. हंगेरियन लोकशाही संघ १९९६ पासून अनेकदा सत्तेत सहभागी झाला; २००१ च्या कायद्याने, जिथे अल्पसंख्याकांचे प्रमाण वीस टक्क्यांहून अधिक आहे, तिथे स्थानिक प्रशासनात त्यांच्या भाषेला स्थान मिळाले. तरीही टोकेश यांना दिलेला राष्ट्रीय सन्मान २०१६ मध्ये काढून घेतला गेला, ही गोष्ट मला खुपते. ट्रान्सिल्व्हानियावर हंगेरीने संरक्षकत्व स्वीकारावे, हे त्यांचे विधान मलाही पटत नाही, पण त्या विधानाने डिसेंबर १९८९ मधले त्यांचे धैर्य पुसले जात नाही.

फिर्यादी पक्ष आपल्या संविधानाच्या कलम १३२ नुसार न्यायमंत्र्यांच्या अधिकाराखाली काम करतो. त्या अधिकारात आपण मार्च १९९० च्या घटनांचा जून १९९० च्या तोडीचा तपास होईल असे पाहावे, लष्कर, पोलीस आणि गुप्तवार्ता सेवेकडची त्या दोन दिवसांची कागदपत्रे खुली करावीत, आणि माळ्यावर लपलेल्यांपैकी जे हयात आहेत, त्यांचे जबाब सर्वांत आधी, त्यांना हवे असल्यास हंगेरियन भाषेत, नोंदवून घ्यावेत. श्युतो २००६ मध्ये गेले, त्यांचा सविस्तर जबाब आता कोणालाच घेता येणार नाही. उरलेले साक्षीदार वृद्ध झाले आहेत, म्हणून हे काम याच वर्षी सुरू व्हावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
पूर्व युरोपच्या इतिहासाचा एक मराठी अभ्यासक