शिप्राबाई आणि पुवाबाईंना एका नर्सबाईचं पत्र

शिप्राबाई, पुवाबाई, सलाम.

पत्र पोहोचायचं नाही हे ठाऊक आहे. पत्ता मिसर देशाचा, म्हणजे इजिप्तचा, आणि तोही निदान तीन हजार वर्षांमागचा. पण मराठवाड्यातल्या उपकेंद्रावर तीस वर्षं बाळंतपणं केली, परवा निवृत्त झाले, निरोपाच्या भाषणात सगळ्यांचे आभार मानले आणि तुमचेच राहिले.

आमच्या चर्चच्या मंडळीत बायबलातल्या मोशेची गोष्ट निघाली की पाळकसाहेब थेट नदीवर जायचे. लव्हाळ्याची पेटी, डांबर, रडणारं बाळ, अंघोळीला आलेली फारोची, म्हणजे मिसरच्या राजाची, मुलगी. ही गोष्ट ज्यात आहे त्या निर्गम पुस्तकाचा पहिला अध्याय कुणी उघडतच नसे. मी तो वाचला एएनएमच्या, म्हणजे गावपातळीवरच्या नर्स-सुईणीच्या, ट्रेनिंगला असताना, रात्रपाळी संपवून हॉस्टेलच्या खाटेवर. 'सुइणी' हा शब्द दिसला आणि झोप उडाली. आपल्या धंद्याची माणसं, तीही नावानिशी! त्या फारोचं नाव पुस्तकात नाही, त्याच्या मुलीचं नाही. तुमची दोघींची मात्र आहेत.

फारोनं तुम्हाला सांगितलं, इब्री (मोशेच्या जमातीतली) बाई बाळंत होताना बघा, मुलगा असला तर मारा, मुलगी असली तर जगू द्या. जिथं बघायचं त्या जागेसाठी मूळ इब्री भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'दोन दगड' असा होतो म्हणे. मिसरी बाया विटांवर उकिडव्या बसून बाळंत होत. 2001 साली मिसरातल्या अबिडोसला तशी एक रंगवलेली वीट सापडली, तिच्यावर नुकतं जन्मलेलं बाळ घेतलेल्या आईचं चित्र आहे. ते वाचून मला माझी आजी आठवली. तीही बायांना उकिडवं बसवायची, आढ्याला बांधलेला दोर धरायला लावायची. आम्हाला मात्र ट्रेनिंगमध्ये शिकवलं, टेबलावर आडवं झोपवा. कळा येणाऱ्या बाईला काय सोयीचं, हे आमच्या टेबलापेक्षा तुमच्या विटांना जास्त कळत होतं, असं माझं मत आहे. डॉक्टरांसमोर ते कधी बोलले नाही.

तुम्ही मुलगे मारले नाहीत. राजानं जाब विचारला तेव्हा म्हणालात, इब्री बाया मिसरी बायांसारख्या नाहीत, जोमदार आहेत, सुईण पोहोचायच्या आतच मोकळ्या होतात. मी हॉस्टेलवर मोठ्यानं हसले. अहो, 'पोहोचण्यापूर्वीच प्रसूती' असं मी स्वतः कितीदा लिहिलंय, आणि ते दरवेळी खरंच होतं. राजा काय तपासणार? हे खोटं बोलणं पाप की नाही यावर आमच्या पवित्र शास्त्राच्या वर्गात दोन रविवार वाद झाला. मी शेव-चिवड्याच्या बशा भरत बसले होते. पुस्तक पुढं सांगतं की देवानं तुमचं कल्याण केलं, तुमची घराणी वसवली. मग आम्ही कोण?

आता तुमचा उपकार. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका घरी रात्री बाळंतपणाला गेले होते. आधीच्या दोन मुली, ही तिसरी. घरातल्या एका वडीलधाऱ्यानं दाराआडून हळूच म्हटलं, "बाई, काय ते आत्ताच बघा. मेलीच जन्मली म्हणू." तुमचा फारो मुलग्यांवर उठला होता, आमचे मुलींवर. हात थरथरत होते. बाहेर चार पुरुष, आत मी आणि अर्धवट शुद्धीतली बाळंतीण. तेव्हा तुम्ही दोघी आठवलात, देवाशप्पथ. मी दाराला आतून कडी घातली, खिडकी उघडली, पोरीला पुसलं आणि पाठ अशी चोळली की तिनं गल्ली डोक्यावर घेतली. शेजारच्या घरांतले दिवे लागले. गावानं ऐकलेलं रडणं मागं घेता येत नाही. मोशेच्या आईला फारोच्या भीतीनं तीन महिने जे लपवावं लागलं, तेच मी मुद्दाम वेशीपर्यंत जाऊ दिलं.

देवाची योजना म्हणतात ती मला तेव्हापासून अशीच दिसते. निर्गमाचा दुसरा अध्याय वाचा, पहिल्या 22 वचनांत देवाचं नावसुद्धा येत नाही. ज्यातून देव मोशेशी बोलला ते जळतं झुडूप फार पुढं, मोशे म्हातारपणाकडे झुकल्यावर. फारोसमोर उभा राहिला तेव्हा तो 80 वर्षांचा होता. त्याच्या बाळपणी आकाशातून कुणी बोललं नाही. आईनं पेटीला डांबर लावलं. बहीण लांब उभी राहिली आणि नेमक्या क्षणी राजकन्येला म्हणाली, दूध पाजायला एखादी इब्री बाई आणू का? त्या आईचा मी नर्स म्हणून विचार करते. तीन महिन्यांच्या पोराला नदीत ठेवून आली, पान्हा दाटून चोळी भिजली असेल. आणि तेवढ्यात मुलगी धावत येते, चल, बाळ पाजायला बोलावलंय, वर पगारही मिळणार! राजाच्या पैशानं राजाचा शत्रू वाढला. मुली जगल्या तर काय बिघडतंय, असं फारोला वाटलं होतं. त्याचा डाव उधळला तो मुलींनीच, त्यात त्याची स्वतःचीही एक.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही ऐकत नाही म्हटल्यावर फारोनं सगळ्या प्रजेलाच हुकूम दिला, मुलगे नदीत टाका. त्यानंतरच मोशेच्या आईला, योखबेदला, कळा आल्या. ती कुणाच्या हातून मोकळी झाली, हे लिहिलेलं नाही. पण नाळ कुणीतरी कापली, वार पडेपर्यंत कुणीतरी थांबलं, आणि बाहेर येऊन तोंड मिटून घरी गेलं. तुमच्यापैकी कोण होतं तिथं?

तुमची,
उपकेंद्रावरची नर्सबाई