दुपारच्या जेवणासाठी शोकुदोत जाल तेव्हा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ऑक्टोबरात तुम्ही टोकियोला याल तेव्हा पहिला आठवडा मला सुट्टी नाही. दुपारी तुम्ही दोघंच असाल. रोज लांबचं भारतीय हॉटेल गाठण्यापेक्षा स्टेशनजवळच्या गल्लीत घरगुती शोकुदो आहेत, तिथे जेवा. शोकुदो म्हणजे खानावळच. आठ-दहा खुर्च्या, एक-दोन माणसांचं स्वयंपाकघर आणि ठरलेलं ताट, त्याला तेइशोकु म्हणतात. साधारण ८०० ते १२०० येन पडतात.

दारावर कापडी पडदा लटकलेला असेल तर खानावळ उघडी आहे. तो आत घेतलेला असेल तर दार ढकलू नका. दुपारचं जेवण साधारण साडेअकरा ते दोन, आणि बारा ते एक ऑफिसवाल्यांची गर्दी. तुम्ही साडेअकरालाच जा. उशिरा गेलात की ‘हिगावारी’, म्हणजे त्या दिवसाचं खास ताट, संपलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तेच सगळ्यांत ताजं असतं.

काही ठिकाणी दारातच तिकिटाचं यंत्र असतं. आधी नोट घालायची, मग चित्राचं बटण दाबायचं, मग तिकीट आणि सुटे पैसे उचलायचे. बटण आधी दाबलं तर बरीच यंत्रं गप्प बसतात. पाच आणि दहा हजारांच्या नोटा पुष्कळ यंत्रं घेत नाहीत, आणि जुन्या यंत्रांना २०२४ साली आलेल्या नव्या नोटाही चालत नाहीत. म्हणून हजाराच्या दोन-तीन नोटा आणि थोडी नाणी जवळ ठेवा.

आई, तुझ्या गुडघ्यांसाठी: आत शिरताच ‘तेएबुरु सेकी’ म्हण, म्हणजे खुर्ची-टेबल मिळेल. चटईवरची बैठक दाखवली तर खाली पाय सोडायला खड्डा आहे का ते आधी बघ. नसेल तर नको म्हण, कोणी वाईट वाटून घेत नाही.

ताटात डावीकडे भात, उजवीकडे मिसो सूप (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा), मागे मुख्य पदार्थ, आणि जोडीला एखादी लहान वाटी व लोणचं. भात इंद्रायणीसारखा चिकट असतो, त्यामुळे चॉपस्टिकने सहज उचलला जातो. वाटी हातात घेऊन तोंडाजवळ न्यायची, सूप वाटीनेच प्यायचं. सुपाच्या वाटीचं झाकण घट्ट बसलं असेल तर ओढू नका. वाटीची कड दोन बाजूंनी हलकेच दाबा, हवा शिरली की ते सुटतं. चॉपस्टिक भातात उभी रोवायची नाही आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही. दोन्ही गोष्टी इथे अंत्यसंस्काराशी जोडलेल्या आहेत. भात कमी हवा असेल तर ‘गोहान सुकुनामे दे’ म्हणा.

आता मुख्य गोष्ट, आई, तू शाकाहारी, म्हणून तुझ्यासाठी. ताटात मासा दिसत नाही म्हणजे मासा नाही, असं इथे धरू नकोस. दाशी नावाचं पाणी जवळजवळ सगळ्यात असतं, आणि ते बहुतेक वेळा सुकवून धुरावलेल्या कात्सुओ माशाच्या पातळ कापांचं किंवा सुकटीचं असतं. मिसो सूप, पालकाची ओहिताशी (उकडून दाशीत मुरवलेली भाजी), शिजवलेला भोपळा, सोबा नूडल्सचा रस्सा, सगळ्यात तेच. दाशी सकाळी एकदाच पातेलंभर करून ठेवतात, त्यामुळे ‘माशाशिवाय करून द्या’ म्हणणं त्यांना शक्य नसतं. तेवढ्यासाठी हट्ट करू नकोस, त्यांना नाही म्हणायला फार जड जातं. तळणीची कढईही सहसा एकच असते, भाज्यांचा टेम्पुरा आणि कोळंबी त्याच तेलात. बटाट्याच्या सॅलडमध्ये अंड्याचं मेयोनेझ असतं, बऱ्याचदा हॅमही.

तुला निश्चिंतपणे चालेल ते एवढंच: पांढरा भात, हियायाक्को म्हणजे थंड टोफू (‘कात्सुओबुशी नुकी दे’ म्हणायचं, म्हणजे वरचे माशाचे काप घालत नाहीत), टोमॅटो, काकडी आणि साधा सोया सॉस. नात्तो, म्हणजे आंबवलेलं चिकट सोयाबीन, शाकाहारी आहे, पण त्याच्याबरोबरच्या पुडीत दाशी असते. ती बाजूला ठेव. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देस’ (मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही) असं जपानीत लिहून चिठ्ठी फ्रिजवर लावते, ती दाखव. पोटभर शाकाहारी जेवायचं तर रविवारी आपण शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध मठातलं शाकाहारी जेवण, जेवायला जाऊ, तिथे दाशी कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमची असते.

बाबा, तुमची मजा आहे. ऑक्टोबरात सानमा मासा मिळतो, मीठ लावून भाजलेला, बाजूला किसलेला मुळा. मधल्या रेषेवर चॉपस्टिक टेकवून वरची बाजू खा, मग काटा डोक्यासकट उचलून बाजूला ठेवा. मासा उलटायचा नाही. साबा मासा म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंदच, तो मिसोत शिजवलेला मागवून बघा.

पण बीपी आहे, म्हणून सुपाची अर्धी वाटी ठेवून द्या. एका वाटीत साधारण दीड ग्रॅम मीठ असतं आणि दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमची. फिक्या रंगाचा सोया सॉस कमी खारट समजू नका, तो जास्त खारट असतो. आणि रक्त पातळ ठेवायची वॉरफॅरिनची गोळी चालू आहे तोवर नात्तो अजिबात खायचा नाही. त्यात व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि त्यातले जिवाणू आतड्यातही ते तयार करत राहतात. गोळीचा असर उतरतो.

यंत्र नसेल तर पैसे निघताना दारापाशी द्यायचे, तबकात ठेवून. टीप ठेवू नका, ती परत द्यायला मागे धावत येतात. ‘गोचिसोसामा देशिता’ (जेवणाबद्दल आभार) मात्र दोघांनीही म्हणा.

येताना जाड मोजे आणा, चटईवर पाय गार पडतात.

तुमची लेक