अर्ध्या ब्रासचा टिप्पर आणि आमचे सुभेदारकाका

ती. सुभेदारकाकांना,
शि. सा. न. वि. वि.

आज १५ ऑक्टोबर, तुमच्या ईएमईचा, म्हणजे फौजेच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरचा, स्थापना दिवस. १९४३ साली याच तारखेला कोअर उभी राहिली, हे तुम्ही इतक्यांदा ऐकवलंय की आता माझ्या क्लिनरलाही पाठ आहे. दरवर्षी या दिवशी तुम्ही सकाळी सकाळी शिऱ्याचा डबा घेऊन येता, टिप्परचं बॉनेट उघडून डोकं आत घालता आणि माझ्या वर्षभराच्या चुका बाहेर काढता. यंदा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तुम्ही लेकीकडे नागपूरला. शिरा नाही, शिव्याही नाहीत. करमेना, म्हणून लिहायला बसलो. नात मोबाईलवर वाचून दाखवेल. तिला एकच सांगणं, मधलं काही गाळू नको, काका पकडतील.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चाल बे, बारा-तेराचा पाना दे" म्हणून विषय मोडता. आता पाना मागायला तुम्ही समोर नाही, तेव्हा ऐकून घ्या. आणि हे सगळ्यांना दिसेल असं लिहितोय, कारण आमची नारंगी गाडी पाहून आर्वी, देवळी, पार कारंजा घाडग्यापासून पोरं विचारत येतात: फौजेतली निघालेली गाडी घेऊ का? त्यांना माझं नाही, तुमचं उत्तर कळावं.

२०१० साली मी तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या डोक्यात फक्त एक चित्र होतं. पुलगावच्या रस्त्याने जाणाऱ्या फौजी गाड्या लहानपणापासून पाहिलेल्या. चिखल असो, चढ असो, थांबत नाहीत. आपल्याकडची काळी माती पावसात कशी फुगते आणि पांदण रस्त्यात बंडीची चाकं कशी गिळते, ते सांगायला नको. म्हटलं, अशी एक गाडी लिलावात घ्यावी, टिप्पर करावा आणि मुरूम, गिट्टी, शेणखत ओढावं. नवा टिप्पर घ्यायची ऐपत नव्हती. तुम्ही ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी घ्याले पैसे हायेत. उभी ठेवाले हायेत का?" मला तेव्हा राग आला होता.

एमएसटीसी या सरकारी कंपनीचा लिलाव ऑनलाइन झाला तरी माल डोळ्यांनी पाहावाच लागतो. "जसा आहे तसा, जिथे आहे तिथे" ही त्यातली अट म्हणजे नंतर रडायचं नाही. त्यासाठी तुम्ही स्वतःच्या तिकिटाने माझ्यासोबत जबलपूरला आलात. डेपोच्या आवारात रांगेने शक्तिमान उभे. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरलाच बनलेली ही गाडी. १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं, म्हणजे आमची पोरवयातली ओळख. मी सरळ सर्वांत चकचकीत गाडीपाशी गेलो. तुम्ही तिच्याकडे पाहिलंही नाही.

तुम्ही खिशातून जुना रुमाल काढलात, जमिनीवर पसरलात, त्यावर पाठ टेकून एका गाडीखाली सरकलात. गाडी सुरू करायची परवानगी नव्हती, पण हात लावायला कुणी अडवत नव्हतं. बाहेर आलात तेव्हा तळहातावर डिफरन्सिअलच्या, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या, सीलमधून गळलेल्या तेलाचे दोन थेंब होते. ते बोटाने चोळत उन्हाकडे तोंड करून उभे राहिलात. तेलात बारीक चमक होती, अभ्रकासारखी. "दात खाऊन रायला," एवढंच म्हणालात. अशा तीन गाड्या नापास केल्यात. पास झाली ती चौथी. चारही टायरांत हवा नाही, सीट उंदरांनी खाल्लेली, पण तेल काळं आणि स्वच्छ. फौजेची गाडी धावून कमी आणि उभी राहून जास्त खराब होते, हे तिथे कळलं. इंजिन ठणठणीत असतं. रबर मेलेलं असतं. ब्रेकचे होज, सील, टायर, पंख्याचा पट्टा, सगळं नवीन टाकायचं हे किमतीतच धरून चालायचं. तुम्ही सिगारेटच्या पाकिटावर यादी केली होती. ते पाकीट अजून माझ्याकडे आहे.

लिलाव लॉटने होतो, एकट्याला एक गाडी मिळत नाही. त्यामुळे दोघा भागीदारांना गाठलं, बयाणा भरला, उरलेले पैसे मुदतीत भरले. मुदत चुकली तर बयाणा बुडतो आणि गाडी उचलायला उशीर झाला तर जागेचं भाडं चढतं. या सगळ्या तारखा तुम्ही कॅलेंडरवर लाल पेनने मांडून ठेवल्या होत्या. गाड्या ट्रेलरवर चढवून सिवनीमार्गे घरी आणल्या.

खरी लढाई कागदांची झाली. एक एजंट म्हणाला, फॉर्म २१ नसला तरी चालेल, मी बघतो. तुम्ही त्याच्यासमोरच मला म्हणालात, "हा बघंन, पण आरटीओच्या दारात तू उभा राहशील." फौजेतून निघालेली गाडी पहिल्यांदा नोंदवताना फौजेच्या अधिकाऱ्याने दिलेलं विक्रीपत्र, म्हणजे फॉर्म २१, मूळ प्रतीत लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या ४७ व्या नियमात तसं लिहिलंय. माझा एक भागीदार त्या एजंटच्या नादी लागला. त्याची गाडी दोन वर्षं आंब्याखाली उभी राहिली, कोंबड्या अंडी घालत तिच्यात. शेवटी भंगारात गेली. पोरांनो, पुढचं काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. आणि आता उत्सर्जनाचे नियम बदललेत, माझ्या वेळी जमलं ते आज जमेलच असं नाही. आधी आरटीओत विचारा, मग बोली लावा.

मग रंग. मला तो फौजी हिरवाच ठेवायचा होता, रुबाब म्हणून. तुम्ही नियम १२१ काढलात: ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. पेंटरकडे नारंगी स्वस्तात पडून होता, तोच मारला. तेव्हापासून गावात गाडीचं नाव "संत्रं". बॉनेटच्या आत पेंटरने ब्रश घातलाच नाही, तिथे अजून मूळ हिरवा आहे. मागच्या डिफरन्सिअलवरचा पांढरा रंग आणि त्यावर उजेड पाडणारा इवलासा दिवा मात्र तुम्ही ठेवायला लावला. रात्री ताफा हेडलाइट बंद करून निघतो तेव्हा मागचा ड्रायव्हर त्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर ठेवून अंतर राखतो, हे तुम्ही क्लिनरला समजावत होतात. तो म्हणाला, "काका, आपल्या मागं तर बकऱ्याच असतात."

आता डाल्याची, म्हणजे माल भरायच्या मागच्या पेटीची गोष्ट, कारण माझे खरे आभार तिच्यासाठी आहेत.

ही गाडी मूळची मालवाहू. लिलावात खरे फौजी टिप्पर आले की मोठे ठेकेदार ते आधीच उचलतात, आपल्या वाट्याला येत नाहीत. त्यामुळे इंजिनाची ताकद पंपाला देणारा पीटीओ, पंप, डाला उचलणारा जॅक आणि लोखंडी डाला बसवायचा होता. फॅब्रिकेटरने वेल्डिंगचा रॉड पेटवलाच होता, जॅकचा ब्रॅकेट थेट चेसिसला चिकटवायला. तुम्ही त्याची केबल उपटली. अक्षरशः. या गाडीची चेसिस खड्ड्यात पीळ खाण्यासाठीच बनवलेली. तिला वेल्डिंगने ताठ केलं की बाजूलाच चीर जाते. वेगळी सबफ्रेम, यू-बोल्ट, मध्ये लाकडी पट्टी, असं तीन दिवस तुम्ही त्याच्या डोक्यावर उभे राहिलात. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बुवा पेन्शनवर हायेत ना? यायले काही कामधंदा नाई का?"

मग तो म्हणाला, डाला एक ब्रासचा करू. सगळे एक ब्रासचाच करतात. तुम्ही वर्कशॉपच्या भिंतीवर विटकरीने हिशेब मांडला. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. सुट्टा मुरूम साडेचार टनांच्या घरात जातो, ओला गाळ त्याहून जड. गाडी तीन टनांची, आणि तो आडरानातला आकडा. डांबरावर थोडं जास्त खपतं, पण आपलं काम डांबरावर कुठे? त्यात जॅक, पंप, सबफ्रेम आणि जाड पत्र्याने सहा-सात क्विंटल आधीच खाल्ले. खाली रेघ मारलीत आणि लिहिलंत: ५० घनफूट.

अर्धा ब्रास! गावात हसू झालं. ट्रॅक्टरची ट्रॉली एक ब्रास नेते आणि याचा फौजी टिप्पर अर्धा. पहिलं वर्ष मी मनातल्या मनात तुम्हाला कोसत होतो, हे आज कबूल करतो. उन्हाळ्यात, कोरड्या रस्त्यावर ट्रॅक्टर मला सरळ हरवतो. डिझेलही त्याला कमी. संत्रं लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर देते, त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही. पण मृगाचा पाऊस पडला की ट्रॅक्टरवाले घरी आणि माझा फोन सुरू. दुसऱ्या भागीदाराने त्याच लॉटमधल्या गाडीला एक ब्रासचा डाला लावला, वर फळ्या ठोकून सव्वा भरायचा. दोन वर्षांत पाटे तुटले, दोन हाफ शाफ्ट (चाक फिरवणारे दांडे) गेले, मग गाडी विकली. माझी पंधरा वर्षांत एकदाच हाफ शाफ्टला गेली, आणि ती चूक माझी.

ती चूकही सांगून टाकतो. पावसाळ्यात नाल्यावरची मोरी वाहून गेली होती, आम्ही पाईप आणि गिट्टी नेत होतो. चिखलात फ्रंट लावला, म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद जोडली, आणि तसाच डांबरी रस्त्यावर आलो. वळण घेताना पुढची चाकं मोठा वळसा घेतात, मागची लहान. चिखलात टायर घसरून तो फरक खपून जातो. डांबर घसरू देत नाही, मग सगळा पीळ शाफ्टांवर जातो. गाडी जड झाली, स्टेअरिंग हलेना, फ्रंटचा दांडा निघेना. दोन्ही पाय लावून ओढला. कट्‌ असा आवाज आला. तुम्ही स्कूटीवर आलात, काही बोलला नाहीत. नंतर शाफ्ट बदलल्यावर मुद्दाम फ्रंट अडकवून दाखवलंत: चार हात गाडी मागे घे, पीळ सुटतो, दांडा दोन बोटांनी निघतो. त्याच दिवशी चाकाखाली दगड न घालता पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, पेंढ्या आडव्या टाकायलाही शिकवलंत. आमच्या गाडीत आता जॅकशेजारी पऱ्हाटीची एक मोळी कायम असते. आरटीओच्या पासिंगला साहेब विचारतात, हे काय?

एकदा मात्र तुम्ही खरंच चिडलात. शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) एक चाक चढलेलं असताना मी डाला उचलला. ओला गाळ वरच चिकटून राहिला, डाला वर, गाडी कलली, क्लिनर उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. गाडी परत चाकांवर बसली. तुम्हाला कळल्यावर पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाहीत. सोळाव्या दिवशी लोखंडी टेकू बनवून आणलात आणि डाल्याखाली साखळीने बांधलात. वर उचललेल्या डाल्याखाली टेकू लावल्याशिवाय हातसुद्धा घालायचा नाही. क्लिनर बदलले, चौथा आहे आता. पहिल्या दिवशी त्याला गाडी नाही, तो टेकू दाखवतो.

२०१७ मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आली. तलावातला गाळ फुकट, वाहतूक शेतकऱ्याची. दोन उन्हाळे रात्रंदिवस गाळ ओढला. गाळ तलावाच्या पोटातून काढायचा असतो, तिथे खाली ओलच असते, त्यामुळे अर्ध्या ब्रासला पहिल्यांदा उन्हाळ्यात मान मिळाला. तुमच्या दोन एकरांत टाकला तेव्हा मी पैसे घेत नव्हतो. तुम्ही डिझेलचे मोजून दिलेत आणि पावती मागितलीत. जबलपूरच्या तिकिटाचे पैसे मात्र माझ्याकडून आजतागायत घेतले नाहीत. हा हिशेब मला पटलेला नाही.

मध्ये एका ठेकेदाराने रेतीच्या कामाला गाडी मागितली, रात्रीच्या खेपा, रॉयल्टीची पावती नाही, भाडं दीडपट. तुमचं नावही न घेता नाही म्हटलं. त्याच्या आधी एकाने मुरुमाचे पैसे बुडवलेत, ते अजून यायचेत. त्याला वसूल कसं करायचं याची युक्ती मात्र तुमच्याकडेही नाही.

बरं, कामाचं. गेल्या आठवड्यापासून ट्रान्सफरमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्समधून, घरघर येते, तिसऱ्या गिअरला, उतारावर पाय सोडला की. ओझं असताना येत नाही. तेल काढून रुमालावर टाकलं, उन्हात पाहिलं. चमक नाही. मी म्हणतो बेअरिंग, क्लिनर म्हणतो यूजे, शाफ्टचा सांधा. उघडली नाही अजून. डोळ्याची पट्टी निघाली, डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली की कळवा, मी स्वतः घ्यायला येतो. संत्र्यात नाही, एसटीने. शिरा आमच्याकडून.

तुमचा पोट्टा,
टिप्परवाला