लालबागच्या औषध दुकानातल्या ताईंस

नमस्कार ताई,

गणपतीच्या आधी बाबांना पुन्हा अ‍ॅडमिट करावं लागलं, तेव्हा घरातले सगळे त्यांच्यावरच चिडले होते. हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदयाची रक्त पंप करायची ताकद कमी पडतेय, गोळ्या चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी पायांना सूज, जिन्यात दम, उशा रचल्याशिवाय झोप नाही. डिस्चार्जनंतर आम्ही चिठ्ठी घेऊन आलो. औषधं देण्याआधी तुम्ही म्हणालात, "काका, घरात आहेत तेवढी सगळी औषधं पिशवीत घालून आणा बघू."

मेटोप्रोलोलच्या, म्हणजे हृदयाचे ठोके आवरणाऱ्या गोळीच्या, दोन स्ट्रिप्स निघाल्या, दोन कंपन्यांच्या, वेगवेगळ्या नावांच्या. बाबा दोन्ही घेत होते. तुम्ही स्ट्रिप उलटी करून त्यांना बारीक अक्षरांतलं औषधाचं नाव वाचायला लावलंत आणि डॉक्टरांना फोन करून कुठली ठेवायची ते विचारलंत. डॅपाग्लिफ्लोझिनचं पाकीट तर जवळजवळ भरलेलंच होतं. 'ही शुगरची गोळी, तुम्हाला कुठे डायबेटिस आहे' असं कुणीतरी चाळीत सांगितलं आणि बाबांनी ती बंद केली. डायबेटिस नसला तरी हार्ट फेल्युअरमध्ये ही गोळी उपयोगी पडते, हे 2019 पासून सिद्ध झालंय, असं तुम्ही त्यांना समजावलंत.

मग अंगातलं जास्तीचं पाणी काढणाऱ्या लघवीच्या गोळ्या मोजल्यात आणि विचारलंत, "काका, या एवढ्या कशा उरल्या?" ओरडला नाहीत. बाबा आधी गप्प, मग हळूच बोलले: भजनाला करी रोडहून डोंबिवलीला जातो, सकाळी गोळी घेतली की लोकलमध्ये पंचाईत होते. घरात कुणालाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं! आमच्यापैकी कुणी विचारलंही नव्हतं. तुम्ही पुन्हा डॉक्टरांना फोन लावलात. भजनाच्या दिवशी परत आल्यावर दुपारी घेतली तरी चालेल, पण चुकवायची नाही, असं ठरलं. त्यानंतर एकही गोळी उरलेली नाही.

बाबांच्या गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी मागायला आले तेव्हा तुम्ही सरळ नाही म्हणालात. त्याने अंगात मीठ आणि पाणी साठतं, हार्ट फेल्युअरच्या पेशंटने ते मनाने घ्यायचं नाही. हातचं गिऱ्हाईक सोडायला मन मोठं लागतं, ताई.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करून वहीत लिहायचं, ही सवयही तुमचीच. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर दम लागायची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. दिवाळीत तसंच झालं. चकल्या, शेव, वर लोणचं. वजनाचा काटा वर गेला. बाबांनी स्वतःहून फोन केला. डॉक्टरांनी लघवीच्या गोळीचा डोस थोडे दिवस वाढवला आणि सूज घरच्या घरी उतरली. पुन्हा हॉस्पिटलची पायरी चढावी लागलेली नाही.

दुकानात कायम गर्दी असते, मागचे लोक घाई करत असतात. तरी एका म्हाताऱ्या माणसाच्या पिशवीसाठी तुम्ही वेळ काढलात. आम्ही तुमचे फार फार आभारी आहोत.

आमच्या शेजारच्या मावशींनाही परवा डिस्चार्ज मिळाला. त्यांना तुमच्याकडे पाठवतेय, सगळी औषधं पिशवीत घालूनच. त्यांना जरा कमी ऐकू येतं, तेवढं मोठ्याने बोला.

तुमची,
भजनवाल्या काकांची मुलगी